गेममधला नायक: घडवायचा, की घडलेला घ्यायचा?

माझ्या भाचीला नाक बनवायला ४० मिनिटं लागली. मे महिन्यातली दुपार, पारा ४५च्या वर, कूलरच्या ताट्या नुकत्याच बदललेल्या, आणि ही टीव्हीसमोर मांडी घालून ‘स्कायरिम’मधल्या बाईचं नाक केसभर लांब करतेय, पुन्हा आखूड करतेय. तिचा दादा मागे येरझाऱ्या घालत होता. “मावशी, सांग न हिले. सकाळपासून नाकच बनवून राहिली.” त्याला ‘विचर ३’ खेळायचा होता. त्यात नाक, डोळे, नाव काहीच बनवायचं नसतं. पांढऱ्या केसांचा, पाठीवर दोन तलवारी लावलेला गेराल्ट तयारच असतो. बटण दाबलं की निघायचं.

भाचीला तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं नाक हवं होतं. मधे किंचित उंचावलेलं, टोकाला बारीक. जमलं तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं. खरंच जमलं होतं.

हे दोन्ही गेम आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. कुणाची तरी भूमिका घ्यायची, त्याच्या वतीनं लढायचं, बोलायचं, निर्णय घ्यायचे, आणि हळूहळू त्याची ताकद, कौशल्यं वाढवत न्यायची. आता ही भूमिका कुणाची? काही गेम म्हणतात, तुमची तुम्ही घडवा: चेहरा, जात-जमात, नाव, स्वभाव सगळं. काही म्हणतात, हा घ्या माणूस, याचं आयुष्य पुढे तुम्ही न्या. गेम बनवणारे इतकी वर्षं या प्रश्नाशी झगडताहेत, आणि खेळणारे त्यावरून दादा-भाचीसारखेच भांडताहेत.

नागपुरात हे समजावणं मला सोपं जातं, कारण आपल्याकडे तान्हा पोळा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात. तो नंदी सुतारानं घडवलेला. शिंगांचा बाक, मानेचा डौल, खालची चाकं, यात मुलाचा हात नसतो. त्याच्या हाती येते ती झूल, बेगड, माळा, घुंगरं. मातीचा बैल वेगळा. तो खुरापासून वशिंडापर्यंत आपण करायचा, आणि तिरपा झाला तरी तो आपलाच. पण मातीच्या बैलाला दोरी बांधून, गल्लीभर ओढत, घरोघरी बोजारा मागायला नेता येत नाही. दुसऱ्या घरापर्यंत पाय मोडतो. लाकडी नंदी तेवढं ओझं झेलतो. गेममधल्या नायकाचंही पुष्कळसं असंच आहे, फक्त तिथे ओझं गोष्टीचं असतं.

याचं मूळ संगणकाच्या आधीचं आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. चारपाच जण टेबलाभोवती बसायचे, तीन-तीन फासे टाकून आपापल्या नायकाची ताकद, बुद्धी, चपळाई असे सहा गुण ठरवायचे, आणि बाकीचं कल्पनेनं भरायचं. नायक संपूर्णपणे आपला. हे जमायचं, कारण टेबलाशी खेळ चालवणारा एक माणूस असायचा. त्याला पुढे डन्जन मास्टर म्हणू लागले. तुम्ही सहज बोलून गेलात की माझा नायक लहानपणी नदीत बुडता बुडता वाचला, तर तो लक्षात ठेवायचा आणि दोन तासांनी तुमच्या वाटेत नदी आणून ठेवायचा.

खेळ संगणकावर आला तेव्हा फासे आले, आकडे आले, तो माणूस आला नाही. तुमच्या नायकाला पाण्याची भीती वाटते हे तुम्हाला ठाऊक असतं, मशीनला नसतं. आधी लिहून ठेवलेलं तेवढंच ती दाखवू शकते. पुढच्या सगळ्या अडचणी इथून निघतात.

भाचीचंच बघा. नायिकेला तिनं नावही आजीचंच दिलं. आता ती शंभर तास खेळली तरी ते नाव त्या गेममधल्या कुणाच्याही तोंडून तिला ऐकू येणार नाही. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात, आणि जगातला कुठला खेळाडू कुठलं नाव टाकेल हे आवाज देणाऱ्याला कसं कळावं? म्हणून ‘स्कायरिम’मध्ये नायक म्हणजे सगळ्यांसाठी ‘ड्रॅगनबॉर्न’. ‘मास इफेक्ट’मध्ये पहिलं नाव तुमचं, पण आडनाव शेपर्डच, आणि सगळे हाक मारतात ती शेपर्ड किंवा कमांडर अशीच. ‘सायबरपंक २०७७’नं तर नाव एका अक्षरावर आणून ठेवलं: व्ही. ‘फॉलआउट ४’मध्ये मात्र कॉड्सवर्थ नावाचा एक घरगडी रोबो आहे, त्याच्यासाठी शेकडो नावं खरोखर रेकॉर्ड करून ठेवली होती. तुमचं नाव त्या यादीत निघालं तर तो तुम्हाला नावानं हाक मारतो. एवढ्या मोठ्या गेममध्ये एका रोबोनं नाव घेतलं याचं लोकांना केवढं अप्रूप वाटलं! नावाची भूक किती असते ते त्यावरून कळतं.

नाव ही सगळ्यात लहान अडचण. मोठी अडचण गुणाकाराची आहे. समजा, नायकाचे तीन भूतकाळ निवडता येतात: शेतकरी, सैनिक, चोर. आवाज दोन, स्त्रीचा आणि पुरुषाचा. स्वभाव तीन. एकाच प्रसंगात या सगळ्याचा मान राखायचा ठरवला तर तीन गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे १८ तऱ्हांनी तो लिहावा लागेल. गेममध्ये असे ५०० प्रसंग असतील तर ९,००० झाले. प्रत्येक लिहायचा, रेकॉर्ड करायचा, तपासायचा. एवढं कुणी करत नाही. मग जिथे झाकता येईल तिथे झाकतात. भूतकाळ विचारतात, पुढे त्याचं नाव काढत नाहीत.

‘स्कायरिम’मध्ये दहा जमाती आहेत, त्यातली एक खजीत, मांजराच्या चेहऱ्याची. खजीत व्यापाऱ्यांना गावकरी वेशीच्या आत घेत नाहीत. त्यांचे तांडे तटाबाहेर पडलेले असतात, आणि ते त्याबद्दल खंतावून बोलतातही. पण तुम्ही स्वतः खजीत होऊन खेळा. त्याच वेशीतून तुम्ही ताठ मानेनं आत जाता आणि कुणी अडवत नाही. गेमनं एक फार खरी, फार दुखरी गोष्ट मांडली आणि ज्याला ती सगळ्यात जास्त लागायला हवी होती त्यालाच तीतून वगळलं. अडवलं असतं तर अर्धा गेम त्या खेळाडूसाठी वेगळा लिहावा लागला असता. हे कारण मला समजतं. तरी दर वेळी त्या तांड्याजवळून जाताना मला ते खटकतं.

मग असा नायक घडवायचा तरी कशाला? मी भाचीला विचारलं, “अगं, ही बाई तोंडातून एक शब्द काढत नाही. आणि गेम तिच्याच डोळ्यांतून दिसतो, म्हणजे ते नाकसुद्धा तुला दिसणार नाही.” तिनं स्क्रीनवरची नजर न हलवता सांगितलं, “बोलली तर ती माझी नाही राहत न, मावशी.”

यात सगळं आलं. नायक गप्प असतो तेव्हा त्याचा आवाज खेळणाऱ्याच्या डोक्यात असतो. स्क्रीनवर तीन उत्तरं येतात. त्यातलं एक ती रागानं म्हणते की थट्टेनं, हे फक्त भाचीला माहीत असतं. दरोडेखोराला सोडून दिलं ते दयेनं की कंटाळून, हेही. गेमनं मोकळी ठेवलेली जागा ती भरते, आणि भरता भरता एक माणूस तयार होतो. तो फक्त तिच्या टीव्हीवर असतो, दुसऱ्या कुणाच्या नाही. मातीचा बैल तो हाच.

आता दादाची बाजू. गेराल्ट मूळचा पोलिश लेखक आंद्रजेय सापकोव्स्की यांच्या कथांमधला. २०१५ साली ‘विचर ३’ आला तेव्हा तो अर्धं आयुष्य जगून झालेला होता: जुने मित्र, जुन्या प्रेमकथा, अंगावरचे व्रण, आणि सिरी, त्यानं लेकीसारखी वाढवलेली मुलगी. गेमभर तो तिला शोधतो. सापडल्यावर एका प्रसंगात ती पार खचून बसलेली असते. खेळणाऱ्यापुढे दोनच वाटा येतात. सगळंच आपल्याला जमायला हवं असं कुठे आहे, असं म्हणून तिच्याबरोबर प्यायला बसायचं, किंवा तिला बाहेर नेऊन बर्फाचे गोळे फेकत खेळायचं. बस, एवढंच. राज्य वाचवायचं नाही, कुणाला मारायचं नाही. पण गोष्टीच्या शेवटी सिरीचं काय होतं हे अशाच हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या प्रसंगांवर ठरतं.

आपण घडवलेल्या नायकाला हा प्रसंग देता आला असता का? मला नाही वाटत. ही निवड जड होते ती मागच्या इतक्या वर्षांच्या नात्यामुळे, आणि ते नातं कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. मी कोण, हा प्रश्न इथे मिटलेला आहे. उरतो तो असा: हा माणूस बाप म्हणून कसा निघेल? निवड लहान झाली आणि म्हणूनच खोल गेली.

घडलेला नायक खेळण्याच्या पद्धतीतही कसा शिरतो हे बघायचं तर ‘किंग्डम कम: डिलिव्हरन्स’ बघा. १४०३ सालचं बोहेमिया, नायक हेन्री, लोहाराचा पोरगा. त्याला वाचता येत नाही. त्यामुळे त्यानं पुस्तक उघडलं की आपल्यालाही अक्षरांची खिचडी दिसते. लेखनिकाकडे जाऊन तो शिकतो, सराव करतो, आणि जसजसा शिकत जातो तसतसे शब्द जागेवर येतात. तुम्ही कितीही शिकलेले असा, हेन्रीला येत नाही म्हणजे तुम्हालाही येत नाही. मला त्यात माझे आजोबा दिसले, पोस्टकार्ड आलं की शेजारच्या पोराला वाचायला बोलावणारे. ‘तुमचा नायक तुम्ही बनवा’ असं म्हणणाऱ्या गेमला हे सुचलं असतं तरी करता आलं नसतं, कारण तिथे निम्म्या लोकांनी जादूगार किंवा पंडित निवडला असता.

जपानी गेम म्हणजे घडलेला नायक आणि अमेरिकी गेम म्हणजे आपण घडवायचा, अशी वाटणी पुष्कळ जण करतात. ती फारशी टिकत नाही. ‘डार्क सोल्स’ जपानी आहे आणि त्यात चेहरा आपण बनवतो. गेराल्ट घडलेला नायक आहे, पण तो जपानी नाही.

गोंधळ होतो तो मधल्या वाटेवर. २०१५च्याच ‘फॉलआउट ४’मध्ये चेहरा तुमचा, नाव तुमचं, पण सुरुवातीलाच तुमचं लग्न झालेलं असतं, तान्हा मुलगा असतो, आणि नायकाला पक्का रेकॉर्ड केलेला आवाज असतो. जोडीदाराला तुमच्या डोळ्यांदेखत मारतात, मुलाला पळवून नेतात. आणि मग गेम तुम्हाला उद्ध्वस्त बॉस्टनमध्ये मोकळं सोडतो: घरं बांधा, भंगार गोळा करा, हवं तिथे फिरा. मूल हरवलेला बाप चाळीस तास भंगार गोळा करत फिरतो, आणि मधेच कुणाशी बोलताना त्याचा आवाज दाटून येतो. खेळणारा एकीकडे, नायक दुसरीकडे. बोलायला बहुतेक वेळा चारच पर्याय, तेही तुटक. पुष्कळ जुने खेळाडू यावर नाराज झाले, आणि त्याच कंपनीच्या २०२३च्या ‘स्टारफील्ड’मध्ये नायक पुन्हा गप्प झाला.

पण मधली वाट वाईटच असते असं नाही. तिचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे विस्मरण. खेळणारा नवखा असतो, त्याला नायकाबद्दल काही ठाऊक नसतं. मग नायकालाही काही आठवत नाही असं ठेवलं की दोघं एका पातळीवर येतात. १९९९च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’नं हे केलं, आणि २०१९च्या ‘डिस्को एलिझियम’नं ते फार पुढे नेलं. त्यात एक पोलीस अधिकारी हॉटेलच्या खोलीत जागा होतो. रात्रभर इतकी प्यालेला की स्वतःचं नावही विसरलाय. त्याचा चेहरा, वय, मोडलेला संसार, काहीच तुम्हाला बदलता येत नाही. तुमच्या हाती दिलंय ते त्याचं डोकं. २४ कौशल्यं आहेत, आणि प्रत्येकाला आवाज आहे. तर्क वाढवलात तर तर्क कानाशी बडबडतो, सहानुभूती वाढवली तर समोरच्याचं न बोललेलं दुःख ती येऊन सांगते. माणूस तोच, पण तुमच्याकडे तो विचार वेगळा करतो. नंदी सुताराचाच, पण आतला प्राण आपण घालायचा. नायकाच्या बाबतीत मला आजवर सापडलेली सगळ्यात सुंदर सोडवणूक हीच आहे.

आता एक आपल्या घरची अडचण. मराठीत असा गेम करायचा झाला तर? इंग्रजी लिहिणाऱ्याला एक मोठी सवलत आहे. तिथे ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांना एकच वाक्य पुरतं. आवाज दोन लागतील, पण लिहायचं एकदाच. मराठीत नायकाच्या तोंडचं जवळजवळ प्रत्येक वाक्य दोनदा: येतो-येते, थांबलो-थांबले. समोरचाही बोलणार तो ‘तू आलास’ किंवा ‘तू आलीस’. पोलिशमध्येही भूतकाळाचं क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, म्हणून ‘सायबरपंक’मधल्या व्हीची पोलिश वाक्यं स्त्रीची वेगळी, पुरुषाची वेगळी. म्हणजे हे करता येतं, पण खर्च आणि कष्ट दोन्ही वाढवून.

‘तुम्ही’ वापरून पळवाट काढता येईल. ‘तुम्ही आलात’ दोघांनाही चालतं. पण ‘तुम्ही थकलेले दिसता’ म्हटलं की लगेच पकडले जाल, बाईला ‘थकलेल्या’ म्हणावं लागेल. आणि आपल्याकडच्या खेड्यातला म्हातारा एकोणीस वर्षांच्या पोरीला ‘तुम्ही’ म्हणेल? तो म्हणेल, “काहून वं, कुठं चालली?” पोरगा असेल तर, “काहून गा?” आमच्या बोलीत नुसती हाकसुद्धा समोर कोण आहे ते ठरवून निघते. त्यावर भाऊ, ताई, माय, पोरा ही हाकांची उतरंड आहेच. नायक कुणाचा कोण लागतो हे ठरल्याशिवाय मराठीत त्याच्याशी धड बोलताही येत नाही. म्हणून मला वाटतं, मराठीतला पहिला चांगला मोठा आरपीजी घडलेल्या नायकाचा निघेल. आपली भाषा कोऱ्या माणसाला ओळखत नाही.

यावर भाचीची एक हरकत आहे आणि ती मला खोडता येत नाही. घडलेले नायक बहुतेक एकाच साच्याचे असतात: गोरा, दणकट, कमी बोलणारा पुरुष. आजीचं नाक आणि आजीचा सावळा रंग असलेली बाई तलवार घेऊन डोंगर चढतेय, हे तिला बघायचं असेल तर बहुतेक वेळा ते तिलाच बनवावं लागतं. ४० मिनिटं त्यासाठी गेली होती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी’ आणला तेव्हा ती हरखून गेली होती. तो आरपीजी नाही, पण त्यात भावाला सोडवायला निघालेली एक भारतीय मुलगी नायिका आहे, आणि तिच्यात बदलण्यासारखं काही नाही. तिथे हिनं चेहरा बनवायचा हट्ट धरला नाही. गरजच वाटली नाही.

दिसण्यानं वागणं बदलतं, यावर स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. आभासी जगात उंच रूप मिळालेली माणसं पैशाच्या वाटणीत जास्त ताठरपणे वागली. याला प्रोटियस परिणाम म्हणतात, आणि नायक आपणच घडवावा असं म्हणणारे तो नेहमी पुढे करतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या लोकांनी उंची निवडली नव्हती, ती त्यांना दिली गेली होती. दिलेलं रूपही माणूस अंगावर घेतो, तेही काही मिनिटांत.

नवा गेम घेणार असाल तर ट्रेलरमधल्या चेहरा बनवायच्या पडद्यावर जाऊ नका. खेळतानाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ शोधा आणि कान देऊन ऐका की लोक नायकाला काय म्हणून हाक मारतात. नावानं मारत असतील, जुन्या ओळखीनं बोलत असतील, तर ती दुसऱ्याची गोष्ट आहे, तुम्ही तीत जायचंय. नुसतीच पदवी येत असेल तर जागा तुमच्यासाठी मोकळी सोडलीय, ती भरायची तयारी ठेवा.

सुट्टी संपता संपता भाचीनं दादाच्या सेव्हवरून, म्हणजे त्यानं खेळून ठेवलेल्या जागेपासून, ‘विचर’ सुरू केला. सिरी खचून बसलेल्या प्रसंगापाशी तिनं खेळ थांबवला आणि मागे वळून विचारलं, “दादा, हा काय करेल?”

“हा म्हंजे कोण? तूच खेळून राहिली न.”

“मी तर लगेच बर्फ फेकला असता. पण ह्याले सुचलं असतं का?”

ताटं वाढून झाली तरी त्यांचं भांडण चालूच होतं, आणि स्क्रीनवर गेराल्ट तसाच उभा होता.